अनुदानित शाळेत धर्माची किंवा पक्षाची सक्ती होत असेल तर पालकांनी काय करावं?

माझी मुलगी सहावीत असताना तिने एका संध्याकाळी दप्तरातून एक पातळशी पुस्तिका काढली. बाहेरच्या कुठल्याशा मंडळाच्या 'संस्कार परीक्षे'ची. आत शंभर प्रश्न होते. निम्मे श्लोक आणि सणवारांवर, आणि शेवटच्या पानांवर दुसऱ्या एका धर्माच्या लोकांबद्दल दोन-तीन वाक्यं अशी होती की ती इथे पुन्हा लिहायची माझी इच्छा नाही. पुस्तिकेचे साठ रुपये, परीक्षा शाळेच्याच तासाला. "बाईंनी सांगितलंय, सगळ्यांनी बसायचंच." तिच्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण त्याच दुसऱ्या धर्माच्या घरातली. पुस्तिका तिलाही मिळाली होती, आणि तिच्या आईने मुकाट्याने साठ रुपये दिले होते.

मी आधी चिडले, मग गप्प बसले. पुढे काय करायचं हेच माहीत नसल्यामुळे पंधरा दिवस वाया गेले. तुमचे पंधरा दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख. यातला प्रत्येक शब्द सगळ्या धर्मांना आणि सगळ्या पक्षांना सारखाच लागू आहे, आपल्या आवडत्यालाही.

सगळ्याचं मूळ एका शब्दात: संमती

आपल्याकडे हजारो शाळा खाजगी संस्थांच्या आहेत आणि शिक्षकांचे पगार मात्र सरकारी तिजोरीतून होतात. इमारत संस्थेची, नाव संस्थेचं, पगारबिल शासनाच्या 'शालार्थ' या ऑनलाइन पगारप्रणालीतून. काही शाळा शंभर टक्के अनुदानावर आहेत, काही २०, ४०, ६० टक्क्यांच्या टप्प्यावर. संस्थेला वाटतं शाळा आपली, आणि पालकालाही तसंच वाटतं. इथेच गफलत होते.

संविधानाचं कलम २८ याच प्रश्नासाठी आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. हे २८(१). अनुदानित शाळेतल्या पालकाने पाठ करावं ते २८(३): शासनमान्यता असलेल्या किंवा शासनाचं अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, जोवर त्या व्यक्तीने, आणि ती अल्पवयीन असेल तर तिच्या पालकाने, संमती दिलेली नाही. 'शासनमान्यता' हा शब्द नीट वाचा. म्हणजे विनाअनुदानित, भरमसाट फी घेणाऱ्या इंग्रजी शाळेलाही हे लागू आहे.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी अगदी व्यवहाराचे मुद्दे मांडले होते. सर्वांच्या करातून आलेला पैसा एका धर्माच्या शिकवणीवर कसा खर्च करायचा, आणि इतके धर्म-पंथ असलेल्या देशात कोणाची शिकवण द्यायची? त्याच्याही आधी, १८५४ च्या वूडच्या खलित्याने (ब्रिटिशांच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने) या देशात अनुदानाची पद्धत आणली तेव्हा पैसे दिले जाणार होते ते लौकिक शिक्षणासाठी, धर्माच्या शिकवणीसाठी नाही. त्या वेळी प्रश्न मिशनच्या शाळांचा होता. आज संस्था बदलल्या, तत्त्व तेच आहे.

तक्रारीआधी: आक्षेप नेमका कशाला?

ही पायरी लोक गाळतात आणि मग मुख्याध्यापकांसमोर तोंडघशी पडतात. शाळेत धर्माचा उल्लेख झाला म्हणजे धार्मिक शिक्षण झालं, असं न्यायालयं मानत नाहीत. पंजाबातल्या डीएव्ही कॉलेजच्या १९७१ च्या खटल्यात गुरु नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्माची दीक्षा देणं यात फरक केला गेला. म्हणून सातवीच्या इतिहासात शिवाजी महाराज शिकवताना, संत तुकारामांचा अभंग समजावताना, इस्लामचा उदय सांगताना तुमची तक्रार टिकणार नाही, आणि टिकूही नये. आषाढीची दिंडी, नाताळचा कार्यक्रम, इफ्तारची ओळख हे सगळं मुलांनी पाहावं असं माझं स्वतःचं मत आहे. पाहणं आणि करायला लावणं यातली रेघ सांभाळली म्हणजे झालं.

मी स्वतःला चार प्रश्न विचारते. हे करायला लावलं जातंय का, की आवड असेल त्याने यावं असं आहे? एखादं मूल बाजूला राहिलं तर त्याचं काय होतं: हजेरी कापतात, उभं करतात, चारचौघांत नाव घेतात? 'अमुक लोक असं मानतात' असं सांगितलं जातंय की 'हेच खरं' असं? आणि दुसऱ्या धर्माच्या, जातीच्या किंवा पक्षाच्या माणसांना कमी लेखलं जातंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर बाकीचे तीन प्रश्न सोडून द्या आणि सरळ पुढच्या पायरीवर जा.

परिपाठातली राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन यांना धार्मिक शिक्षण म्हणू नका. सरस्वतीपूजन, एखाद्या धर्माची रोजची प्रार्थना हात जोडून म्हणायला लावणं, चॅपेलमध्ये हजेरी सक्तीची करणं, शाळेच्या वेळात सर्व मुलांना नमाज किंवा आरतीला उभं करणं, हे २८(३) च्या कक्षेत येतं.

मुलांशी बोलणं आणि नोंदी ठेवणं

उलटतपासणी घेऊ नका. "बाई आणखी काय म्हणाल्या? नक्की का?" असं खोदून विचारलं की मूल आपल्याला आवडेल ते सांगायला लागतं. जेवताना सहज ऐकायचं, आणि ते झोपल्यावर वहीत लिहायचं: तारीख, कितवा तास, कोण बोललं, शक्य तितके नेमके शब्द. पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा, किमतीचा आणि आक्षेपार्ह पानांचा फोटो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट. शाळेच्या डायरीतली ओळ तर सर्वांत मोलाची, कारण ती शाळेच्याच हस्ताक्षरात असते.

मुलाच्या दप्तरात फोन लपवून वर्गात रेकॉर्डिंग करायला मात्र कधीही लावू नका. पकडलं गेलं तर मूल एकटं पडतं, आणि शिक्षक-विद्यार्थी नात्याचं जे नुकसान होतं ते कुठल्याही तक्रारीने भरून येत नाही.

दरम्यान शाळेचा प्रकार तपासा. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, असतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की व्यवस्थापन कोणाचं, शाळा अनुदानित की नाही, हे दिसतं. शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का हेही पाहा. त्याबद्दल पुढे सांगते.

पहिलं बोलणं आणि मग पत्र

आधी वर्गशिक्षकांना भेटा. अनेकदा त्यांनाही हे पटलेलं नसतं. वरून आदेश असतो आणि नोकरी संस्थेच्या हातात असते. माझ्या मुलीच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही लेखी दिलंत तर मला बरं पडेल." तेव्हा मला कळलं की आपलं पत्र हे शिक्षकांसाठीही ढाल असतं.

पत्र छोटं ठेवा. राग नको, इतिहास नको, कोणाच्या हेतूबद्दल एक शब्दही नको. मी दिलेला मजकूर थोडा सुधारून इथे देते:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: धार्मिक शिक्षण व उपासनेत सहभागी न करण्याबाबत. महोदय, माझी मुलगी (नाव, इयत्ता, तुकडी) आपल्या शाळेत शिकत आहे. दि. ... रोजी ... हा उपक्रम सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा असल्याचे वर्गात सांगण्यात आले. भारतीय संविधानाच्या कलम २८(३) नुसार अशा उपक्रमासाठी पालकाची संमती आवश्यक आहे. मी ती दिलेली नाही. तरी तिला यातून वगळावे, त्या वेळेत तिची ग्रंथालयात बसण्याची सोय करावी, आणि या कारणावरून तिच्या हजेरीवर, गुणांवर किंवा शेऱ्यांवर परिणाम होऊ नये, ही विनंती. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका वाचन व अभ्यासक्रमातील सर्व उपक्रमांत ती नेहमीप्रमाणे सहभागी होईल. कृपया पोच द्यावी."

शेवटून दुसरं वाक्य वगळू नका. "यांचा राष्ट्रगीतालाच विरोध आहे" अशी कुजबुज सुरू व्हायच्या आत ते वाक्य ती थांबवतं.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आमच्या मुख्याध्यापकांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, "सर, तुम्ही बदलून गेलात तर पुढच्या सरांना कसं कळणार?" त्यांनी बेल वाजवून लिपिकाला बोलावलं आणि पोच मिळाली. पोच नाकारली तर घरी या, तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

जमलं तर एकट्याने जाऊ नका. पाच पालकांनी पाच वेगळी पत्रं दिली तर एका सामूहिक अर्जापेक्षा जास्त उपयोग होतो, कारण संमती प्रत्येक पालकाची वेगळी असते. आणि त्या पाचांत बहुसंख्य धर्माचे पालक असायला हवेत. ज्या घराला सगळ्यात जास्त झळ बसते, त्यांच्यावरच पुढे होण्याची पाळी येऊ देऊ नका.

साहेबांचा वाढदिवस: राजकारणाचा वेगळा प्रश्न

महाराष्ट्रात शिक्षणसंस्था आणि राजकारण यांचं नातं जुनं आहे. अध्यक्ष आमदार, सचिव त्यांचा पुतण्या, अशा संस्था प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यामुळे इथे मुलांच्या मनावर विचारसरणीपेक्षा निष्ठा बिंबवली जाते. अध्यक्षांच्या वाढदिवसाला निबंधस्पर्धेचा विषय 'आपले अध्यक्ष'. मुलं सव्वाआठला गणवेशात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी, गाडी येते साडेअकराला. माझी मुलगी तशीच उन्हात उभी राहून आली होती, आणि रात्री तिने विचारलं, "आई, आपण मत यांनाच देणार ना? त्यांनीच शाळा दिलीय आपल्याला." तिला कोणी पक्षाचं नाव सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

इथे कायदा थोडा पातळ आहे. धर्मासाठी २८(३) आहे, तसं राजकारणासाठी एकच नेमकं कलम नाही. म्हणून तीन-चार धागे एकत्र ओवावे लागतात. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९: कलम २९ प्रमाणे शिक्षण संविधानातल्या मूल्यांना धरून असावं, मूल भयमुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडता यावं. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई करतं. उन्हात तीन तास उभं करणं, न आलेल्याला वर्गात टोमणे मारणं हे त्याखाली मांडता येतं. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं सरकारी काम सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. सभेला गर्दी जमवणं या तिन्हींत बसत नाही.

निवडणुकीच्या काळात मात्र हात बळकट असतात. मुलांना प्रचारात, घोषणांत, पत्रकं वाटायला, रॅलीत वापरू नये, असं निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व पक्षांना बजावलं. त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१४ च्या आदेशाचा हवाला आहे. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर जागेवरून फोटो टाकता येतो आणि १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. फोटोत मुलांचे चेहरे जवळून येणार नाहीत, एवढी काळजी घ्या.

शाळेने ऐकलं नाही तर

आधी शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अनुदानित शाळेतही ती असायला हवी आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत तिचं काम सल्ल्यापुरतं आहे, हे खरं. पण तिथे विषय मांडून इतिवृत्तात नोंद करून घेतली की पुढे कोणालाही "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही.

मग माहितीचा अधिकार. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो याचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तर ३० दिवसांत. 'का' असं विचारू नका, कागद मागा. मी चार गोष्टी मागितल्या: या परीक्षेला परवानगी देणाऱ्या शासन आदेशाची प्रत, बाहेरच्या मंडळाशी झालेला पत्रव्यवहार, जमा झालेल्या रकमेची नोंद, आणि शाळेचा किती वेळ दिला त्याचं वेळापत्रक. परवानगीचा आदेश नव्हताच. उत्तर यायच्या आत पुढच्या वर्षाची परीक्षा ऐच्छिक झाली. शाळा म्हणाली की "आम्ही खाजगी आहोत, आम्हाला माहिती अधिकार लागू नाही", तर २०१९ चा डीएव्ही कॉलेज ट्रस्टचा निकाल दाखवा: सरकारकडून लक्षणीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना हा कायदा लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे.

तक्रारीची वाट अशी: प्राथमिकसाठी केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). नववी-दहावीसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक). मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक. वर विभागीय शिक्षण उपसंचालक. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी तक्रारीत 'शिक्षण हक्क कायदा, कलम ३२ अन्वये' असं स्पष्ट लिहा, कारण मग स्थानिक प्राधिकरणाला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होतं. गोव्यात राहणाऱ्यांनी शिक्षण संचालनालयाकडे जावं. कलम २८(३) तिथेही तेच आहे.

अल्पसंख्याक शाळांबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. कलम ३० मुळे त्यांना संस्था चालवायचा हक्क मिळतो, पण २८(३) मधून त्यांना सूट नाही. कॉन्व्हेंटमधल्या हिंदू मुलाला, उर्दू माध्यमातल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाला आणि जैन संस्थेतल्या बौद्ध मुलाला तोच हक्क आहे. फरक इतकाच की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने या शाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. तोवर अशा शाळेविरुद्धची तक्रार कलम ३२ वर उभी करू नका, थेट संविधानावर करा.

न्यायालयापर्यंत जावं लागलं तर

फार कमी वेळा लागतं. पण दोन निकाल माहीत असू द्या. केरळात यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. बिजो इमॅन्युएल खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. दुसरा आपल्याच नाशिकचा: अनुदानित शाळेतल्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. खर्चाची भीती वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो.

मुलाला सांभाळणं

आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि दाखला मागितला तर तो अडवता येत नाही. हे ठाऊक असलं की अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी वर्गात असते. पत्र दिल्यावर आमची मुलगी पहिल्या दिवशी ग्रंथालयात एकटी बसली आणि घरी येऊन रडली. "सगळे विचारत होते, तू का नाही?" मी तिला भाषण दिलं नाही. "आईने नाही म्हटलंय" एवढंच सांगायचं, बाकीचं माझ्यावर सोड, असं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तिची ती मैत्रीणही ग्रंथालयात आली. तिच्या आईने माझ्याकडून पत्राचा मजकूर मागून नेला होता.

मुलाला स्वतःला त्या कार्यक्रमात भाग घ्यायचा असेल, तर आपल्या तत्त्वासाठी त्याला अडवू नका. मैत्रिणींबरोबर दिंडीत नाचायचं असेल तर नाचू द्या.

पत्र दरवर्षी जूनमध्ये नव्याने द्यायचं असतं, हे विसरू नका. इयत्ता बदलते, वर्गशिक्षक बदलतात, कधी मुख्याध्यापकही. जुन्या पत्राची पोच असलेली प्रत नव्या पत्राला जोडा, आणि वह्या-पुस्तकांच्या यादीत सगळ्यात वर तीच एक ओळ लिहून ठेवा.